मिशीवाला बोकड आणि बुधवारची बस

मंगळवार, १० सप्टेंबर

ही वही शाळेच्या समुपदेशक बाईंनी दिली. कारण मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीला पीनट बटर फासलं. त्यांची पँट तपकिरी, त्यामुळे दिवसभर त्यांना पत्ताच नाही. फक्त गेटवरचा कुत्रा त्यांच्या मागे मागे पार घरापर्यंत गेला.

बाई म्हणाल्या, "ट्विला, मनात येईल ते यात लिही. मी वाचणार नाही."

मी म्हटलं, "मग लिहून काय उपयोग?"

त्यांनी सुस्कारा सोडला. मोठी माणसं माझ्यासमोर फार सुस्कारे सोडतात. त्यांना वाटतं मला राग येतो म्हणून मी असं करते. राग नाही येत. कंटाळा येतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज पाचवीच्या सगळ्यांची चाचणी झाली. समिटसाठी. समिट म्हणजे नदीपलीकडच्या शाळेतला हुशार पोरांचा वर्ग. दर बुधवारी पिवळी बस येते, निवडलेल्यांना घेऊन जाते आणि शाळा सुटायच्या जरा आधी परत आणून सोडते. दरवर्षी मास्तर ज्यांची नावं देतील त्यांचीच चाचणी व्हायची. मास्तर नावं देणार डॉक्टरांच्या नाहीतर वकिलांच्या पोरांची. मग कोणीतरी वर तक्रार केली, म्हणून यंदा सरसकट सगळ्यांना बसवलं. मलासुद्धा.

कॉर्बिन हॉलिस्टर सकाळपासून शेखी मिरवत होता. त्याचे वडील दातांचे डॉक्टर. "बाबांनी गाडीला लावायचं स्टिकर आधीच मागवलंय. 'आमचा मुलगा समिटमध्ये आहे' म्हणून."

मी म्हटलं, "आणि नाही झालास तर? उलटं चिकटवणार?"

प्रश्न गमतीचे होते. कागदाची घडी घालून भोक पाडलं, तर उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील, असले. मला ती भोकं दिसतच होती, नुसत्या खुणा करत गेले. सगळ्यांच्या आधी संपलं. म्हणजे सगळं चुकलेलंच असणार. हुशार पोरं शेवटपर्यंत डोकं खाजवतात. कॉर्बिन तर घामाघूम झाला होता. वेळ उरला म्हणून मी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात एक बोकड काढला. आमच्या ओडमसरांच्या मिशीचा.

मग खरी गंमत. माझी चुळबूळ बघून ओडमसर म्हणाले, "पाय शिवशिवतायत ना तुझे? हा गठ्ठा ऑफिसात देऊन ये." प्रत्येक उत्तरपत्रिकेवर नावाचं छापील लेबल असतं. यंत्र तेच वाचतं. गोंद ओलाच होता. मी जिन्याखाली उभी राहिले, नख घातलं, माझं लेबल कॉर्बिनच्या पेपरवर लावलं आणि त्याचं माझ्या पेपरवर.

आता माझा भोपळा त्याच्या नावावर. डॉक्टरसाहेबांचं तोंड बघायचंय मला. आणि मी समिटमध्ये! पहिल्याच दिवशी बसच्या सीटवर सरस ओतणार.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

निकाल लागला.

कॉर्बिन अख्ख्या जिल्ह्यात पहिला.

मला खाली तळघरात मिस फेयच्या वर्गात टाकलंय. वाचन आणि विचार यांत मागे पडलेल्यांसाठी. बाजूला बॉयलर आहे, तो मिस फेयपेक्षा जास्त बोलतो.

म्हणजे यंत्राने मला पकडलं. त्याला काहीतरी कळलं असणार, खालचा कागद कोणाचा, हात कोणाचा, आणि त्याने ज्याचं त्याला परत दिलं. हुशार यंत्र आहे. मी हसले. सगळ्यांच्या देखत मोठ्याने हसले, म्हणजे कोणी आणखी काही बोलायला नको.

आईला सांगितलं. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला असते. पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, "बरं. मदत मिळतेय तर घे. मलाही जमायचं नाही शाळेत." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो मला नको होता.

बुधवार, ९ ऑक्टोबर

बस आली. कॉर्बिन चढला. चढताना त्याचं तोंड असं होतं की दात काढायला चाललाय, तेही बापाकडे.

मी मिस फेयकडे 'मांजर' या शब्दाभोवती गोल केला. चार ठिकाणी. चौथ्या मांजराला मी चष्मा काढला. मिस फेय म्हणाली, "लक्ष दे, राजा."

बुधवार, १६ ऑक्टोबर

आज मजा झाली. बस परत आल्यावर जिमच्या मागे कॉर्बिन एकटाच बसला होता, मांडीवर समिटचा गृहपाठ. रडत होता. मी कागद ओढून घेतला.

"दे इकडे! तुला नाही कळायचं!"

"तुला कळतंय म्हणून रडतोयस का?"

चित्रं होती: घड्याळ, कॅलेंडर, मोजपट्टी, सावली. यांत वेगळं कोण?

मी म्हटलं, "त्यांना पट्टी हवीय. बाकीच्यांवरून वेळ कळते. पण खरं म्हणजे सावली. बाकीची तिन्ही दुकानात मिळतात."

तो बघतच राहिला. "मग काय लिहू? सावलीच बरोबर वाटतंय."

"बरोबर नको लिहूस, येड्या. त्यांना हवं ते लिही."

सगळं पान मी तिथेच उभ्या उभ्या संपवलं. घड्यांची भोकंसुद्धा. बॉयलरजवळच्या मांजरांपेक्षा हे कितीतरी बरं. म्हणजे, बरं काही नाही, वेळ गेला एवढंच.

मग सौदा ठरला. दर आठवड्याला त्याचा गृहपाठ मी करणार. त्याच्याकडचा खाऊ मला नको. त्याने मी सांगेन ते करायचं. आजचं: उद्या सकाळी सगळ्या बसमधली पोरं उतरत असताना दोन पायांवर उकिडवं बसून भुंकायचं.

"का पण?"

"कारण मला हसायचंय."

गुरुवार, १७ ऑक्टोबर

भुंकला! आधी हळू. मी म्हटलं, ऐकू येत नाही. मग मोठ्याने. तिसरीतल्या पोरांनी त्याला बिस्किट टाकलं. माझं पोट दुखेपर्यंत हसून झालं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज वर्गाचे फोटो होते. कॉर्बिनला सांगितलं होतं, प्रत्येक फोटोला डोळे मिटायचे. फोटोवाला वैतागून गेला. "बाळा, या बाजूला बघ. बघ रे. अरे देवा." निळा टाय, तेल लावून भांग आणि डोळे मिटलेले. शवपेटीतला पोरगा.

त्याच्या आईने तो फोटो आजोळी पाठवायचा ठरवला होता म्हणे.

या आठवड्याचं पान अवघड होतं. मी ते जेवणाच्या सुट्टीत पुरवून पुरवून केलं. शेवटचं कोडं उद्यासाठी ठेवलं, जसा कोणी केकवरचा क्रीमचा भाग ठेवतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

बसमधून उतरल्यावर कॉर्बिनला म्हटलं, "एवढं रडण्यापेक्षा सोडून दे ना समिट."

"डिसेंबरात तपासणी आहे. त्यात नापास झालो तर ते आपोआप काढतील."

"मग झालं की!"

"तुला माहीत नाही. बाबा मारत नाहीत. ते बोलणं बंद करतात. मागे पियानो सोडला तेव्हा ते इस्टरपर्यंत बोलले नाहीत. जेवताना आईला सांगायचे, त्याला मीठ द्यायला सांग."

मी म्हटलं, "माझा बाप तर मी चार वर्षांची असल्यापासून बोललेला नाही. मीठही मागत नाही." तो हसला. मग मलाच का कोण जाणे राग आला. पुढच्या वेळी त्याला कठीण काहीतरी सांगायचं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कॉर्बिनचा एकच मित्र आहे, डेव्हिन. चष्मेवाला, श्वास घेताना शिट्टी वाजते. मी सांगितलं, "त्याला जाऊन म्हण, तुझ्या शिट्टीने मला ओकारी येते, माझ्याजवळ बसू नकोस."

"ते नको. दुसरं काहीही सांग. परत भुंकतो."

"भुंकणं जुनं झालं."

मी पान हातात धरून उभी राहिले. तो गेला आणि म्हणाला. डेव्हिन नुसता ट्रे उचलून कचऱ्याच्या डब्याशेजारच्या टेबलावर जाऊन बसला. तिथून शिट्टी ऐकू येत नव्हती, तो श्वास धरून बसला असणार.

यात हसण्यासारखं असायला हवं होतं. नीट जमलं नाही. जेवणातले बटाटे पण गार होते.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बोकड.

माझा बोकड.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काल तेवढंच लिहून वही मिटली. आता लिहिते.

समिटच्या पोरांना नवे टी-शर्ट मिळाले. बसमधून उतरले तेव्हा सगळ्यांच्या छातीवर बोकड. मिशीवाला. डावं शिंग जरा मोडकं, कारण तेव्हा माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं होतं. तेही तसंच छापलंय.

कॉर्बिनला कोपऱ्यात घेतलं. "हे कुठून आलं?"

"समिटच्या टॅगर्टबाई म्हणाल्या, मी उत्तरपत्रिकेवर काढला होता. म्हणाल्या, असामान्य मुलं समासात चित्रं काढतात. मला आठवत नाही, पण मी हो म्हणालो." मग म्हणाला, "माझ्या अहवालात लिहिलंय, आकार ओळखण्यात हजारात एक. ट्विला, मला खोक्याचं झाकणसुद्धा कुठल्या बाजूने लावायचं कळत नाही."

यंत्राने काहीच ओळखलं नव्हतं. यंत्र म्हणजे ठोंब्या. त्याने लेबल वाचलं, बस्स. हजारात एक ती मी होते. आणि मांजराला गोल करायला पाठवायचं होतं ते कॉर्बिनला.

एवढा मोठा विनोद मी आजवर केला नव्हता आणि तो माझ्यावरच.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मला ती बस हवी आहे.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

कॉर्बिनला म्हटलं, "आपण दोघं जाऊन सांगू. तू सुटशील, मी जाईन."

तो म्हणाला, "बाबांनी दवाखान्यात माझं नाव फ्रेम करून लावलंय. पेशंट तोंड उघडून त्याखाली बसतात."

"पण तुला तिथे आवडत नाही!"

"तूच म्हणालीस ना, त्यांना हवं ते लिही."

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ओडमसरांना सांगितलं. लेबल, जिना, बोकड, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला खरं सांगत होते, तर सर डोळे पुसेपर्यंत हसले. "ट्विला प्रुइट, ही तुझी आजवरची सगळ्यात भारी थाप." मग बाजूच्या वर्गातल्या सरांना बोलावलं आणि म्हणाले, "हिला परत सांग, परत सांग."

मिस फेयला सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "प्रत्येकाची वेगळी चमक असते गं." बॉयलर हसला.

शेवटी मी सरळ टॅगर्टबाईंना जाऊन भेटले, त्यांच्या गाडीपाशी. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा कॉर्बिनवर गंभीर आरोप आहे. गुरुवारी पालकांना घेऊन ये."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांची खोली. ते (पीनट बटरवाले), टॅगर्टबाई, कॉर्बिन, त्याचे वडील. वडिलांचे दात फार पांढरे. आई कामावरून तशीच आली, अंगात तो फुलाफुलांचा डगला, त्याला म्हाताऱ्यांच्या साबणाचा वास. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

मी म्हटलं, "बोकड मी काढलाय. आत्ता काढून दाखवते." आणि काढला, मोडक्या शिंगासकट.

टॅगर्टबाई गोड हसल्या. "सुरेख. पण तो आता तीस टी-शर्टांवर आहे, बाळा. पहिलीतली पोरंही काढतात."

"मग परत चाचणी घ्या माझी."

"एका मुलाची दोन वर्षांतून एकदाच घेता येते. नियम आहे."

कॉर्बिनचे वडील म्हणाले, "माझे पेशंट थांबलेत." मग आईकडे बघून हळू आवाजात, "मुलं लक्ष वेधायला काय काय करतात. घरी वडील नसले की होतं असं." आईची मान खाली गेली. मागे आई जिना उतरताना पडली होती तेव्हासुद्धा तिची मान इतकी खाली नव्हती.

मी कॉर्बिनकडे बघितलं. त्याने बुटांकडे बघितलं.

टॅगर्टबाई म्हणाल्या, "आपण न्यायाने वागू. दोघांना एकच प्रश्न." त्यांच्या पिशवीत पत्ते होते, पुढे चित्रं, मागे उत्तर. एक काढून टेबलावर ठेवला. बादली, पेला, होडी, स्पंज. "यांत वेगळं कोण? आधी ट्विला."

मला बघताक्षणी कळलं की त्यांना स्पंज हवाय. बाकीची पोकळ भांडी, स्पंज नाही. मी असली शंभर उत्तरं कॉर्बिनला लिहून दिलीत.

पण हे कॉर्बिनच्या पानावर लिहायचं नव्हतं. पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं. माझं नाव घेऊन. म्हणून मी माझं उत्तर दिलं.

"होडी."

बाईंनी पत्ता जरासा उचलून मागे बघितलं.

"कारण बाकी सगळे पाणी आत धरतात, आणि होडी पाणी बाहेर—"

"कारण नको, राजा. एकच उत्तर. कॉर्बिन?"

कॉर्बिन खूप वेळ त्या होडीकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. माझी शपथ, खोलीत त्या एकट्यालाच कळलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"स्पंज," तो म्हणाला.

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि पत्ता पिशवीत गेला.

मला सगळ्यांसमोर कॉर्बिनची माफी मागायला लावली. मी मागितली. त्याच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मग हात रुमालाने पुसला.

गाडीत आईने विचारलं, "होडी का गं?"

मी सांगितलं, सगळं, पाणी आत आणि पाणी बाहेर. सिग्नल गेला, दुसरा आला. लाल दिव्यात तिचं तोंड लाल दिसत होतं.

मग म्हणाली, "पुढच्या वेळी स्पंज म्हण."

बुधवार, २७ नोव्हेंबर

उद्या थँक्सगिव्हिंगचा सण. आईला कामावर जायचंय, म्हाताऱ्यांनाही टर्कीचं जेवण लागतं. शाळा अर्धाच दिवस होती, बस आली नाही. कॉर्बिन आता माझ्याशी बोलत नाही, आणि गृहपाठही आणत नाही. डेव्हिनकडून करून घेतो असं ऐकलं. डेव्हिनला परत आपल्या टेबलावर बसवलंय म्हणे त्याने, त्या बदल्यात.

मी घरी बसून स्वतःच कोडी काढून बघितली. पण उत्तर आधीच माहीत असतं. त्यात काय दम नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

काल बस आली. मी तळघरातल्या खिडकीतून बघितली, तिथून फक्त चाकं आणि बूट दिसतात. कॉर्बिनचे बूट ओळखता येतात. पूर्वी ते पायरीवर अडखळायचे, आता धडधड चढले.

मिस फेयने चित्र रंगवायला दिलं. होडी होती. मी निळी रंगवली. "छान," ती म्हणाली, "बघ, रेषेच्या बाहेर गेली नाहीस आज."

आज सकाळी कॉर्बिन लॉकरपाशी उभा होता. बोकडाचा टी-शर्ट. हातात समिटचं पान, छापलेली बाजू मला दिसेल असं धरलेलं. घड्या होत्या, पण नेहमीसारख्या नव्हत्या. चित्रातला कागद तीनदा दुमडून पिळलेला आणि दोन्ही टोकं जोडलेली. असलं मी कधी बघितलंच नव्हतं. भोकं कुठे येतील ते पटकन दिसेना. मान वाकडी करून बघितलं तरी दिसेना.

"डेव्हिनला येत नाही हे," तो म्हणाला.

"दे."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे माझी."

"माहितीय. दे इकडे."

त्याने पान पाठीमागे लपवलं. त्याच्या वडिलांसारखा हसला, सगळे दात दाखवून. बाहेर दोन बस येऊन थांबल्या होत्या, पोरं उतरत होती.

"आधी भुंक," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मर मेल्या." निघालेच होते. वर्गाच्या दारापर्यंत गेले.

मग परत आले आणि उकिडवी बसले. आधी हळू भुंकले. तो म्हणाला, ऐकू येत नाही. मग मोठ्याने भुंकले. तिसरीतल्या कोणीतरी बिस्किट टाकलं.

पान मात्र खरंच भारी होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं.